दूध आवडीने पितो पण जेवत नाही, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, माझा मुलगा 22 महिन्यांचा आहे आणि त्याच्या खाण्यापायी आम्ही सगळे रडकुंडीला आलोय. आम्ही डोंबिवलीत राहतो, मी सकाळी आठच्या लोकलने ऑफिसला जाते ते घरी यायला संध्याकाळचे साडेसात होतात, दिवसभर तो सासूबाईंकडे असतो. जेवायला बसवलं की तोंड घट्ट मिटतो, मान फिरवतो, घास थुंकतो. मोबाईल लावला तरच चार घास जातात आणि वाटीभर वरणभात भरवायला एक एक तास लागतो. दूध मात्र आवडीने पितो, म्हशीचं, साखर घालून, दिवसाला चार मोठ्या बाटल्या, त्यातली एक रात्री झोपेत. मध्ये मध्ये बिस्किटं, कधी चिप्स, कारण सासूबाई म्हणतात काहीतरी पोटात जाऊ दे. जन्मला तेव्हा 2.8 किलो होता, आता 10.6 किलो आहे, उंची 84 सेंमी. जाऊबाईंचा मुलगा याच्याहून दोन महिन्यांनी लहान पण छान गुटगुटीत आहे, त्यामुळे घरात रोज हाच विषय. मिस्टरांनी वजन वाढवायची पावडर आणलीय. शी कडक होते, दोन-तीन दिवस होतच नाही. हल्ली कुंडीतली माती पण खातो, ते काय सगळीच मुलं करतात म्हणा. गणपतीला गावी कणकवलीला जायचंय, तिथे सगळे म्हणणार पोर किती वाळलंय. मी नक्की काय करू?

उत्तर:

तू मला ताई म्हणालीस म्हणून मी तुला सरळ तू म्हणते. आधी वजनाचं बोलून टाकू म्हणजे तुझा जीव जरा खाली पडेल. 22 महिन्यांच्या मुलाचं वजन साधारण साडेनऊ ते पंधरा किलोच्या मध्ये कुठेही असू शकतं, आणि तुझ्या मुलाचं 10.6 त्यात व्यवस्थित बसतं, उंचीही ठीक आहे. जन्माच्या वेळचं आणि लसींच्या वेळचं वजन ज्या कार्डावर लिहिलेलं असतं ना, त्या माता बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता असतो, त्यात आजचं वजन टिंब करून बघ, हिरव्या पट्ट्यात येईल. जाऊबाईंच्या मुलाची आणि याची तुलना करायचीच नाही, याची तुलना याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वजनाशी करायची, टिंबं जोडून रेघ वर चढतेय का एवढंच बघायचं. आणि हे पण लक्षात घे की पहिल्या वर्षात मूल जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग एवढा कमी झाला की भूकही कमी होणारच, आणि नेमकं त्याच वेळी मूल चालायला लागलेलं असतं, त्याला एका जागी बसायचं नसतं, म्हणून घरोघरी दीड-दोन वर्षाच्या पोरांबद्दल हीच तक्रार असते की आधी किती छान खायचा आणि आता तोंडच उघडत नाही.

आता दुधाकडे येते, कारण तुझ्या पत्रातली खरी अडचण तिथे आहे. मोठी बाटली म्हणजे 240 मिली, अशा चार, म्हणजे जवळजवळ एक लिटर दूध झालं. म्हशीच्या दुधात 100 मिलीला साधारण 100 कॅलरी धर, वर प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर, सगळं मिळून हजाराच्या आसपास कॅलरी होतात (दुधात पाणी घालत असाल तर थोड्या कमी). या वयाच्या मुलाला अख्ख्या दिवसात लागतातच साधारण तेवढ्या. म्हणजे त्याचं दिवसभराचं जेवण बाटलीतून होऊन जातंय, वरून बिस्किटं आहेतच, आणि मग आपण त्याच्यासमोर वरणभाताची वाटी घेऊन बसतो तेव्हा तो तोंड मिटतो. तो हट्टी नाही गं, त्याचं पोट भरलेलं आहे. भरलेल्या पोटी तुला मला कोणी तासभर घास कोंबले तर आपण पण थुंकूच.

या वयात दिवसाला 400 ते 500 मिली दूध पुष्कळ झालं. जास्त दुधाने भूक जाते तो एक भाग, पण दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय जेवणातलं जे काही लोह पोटात जातं ते अंगी लागायलाही दूध आड येतं. त्यात तंतू अजिबात नसतात, म्हणून शी कडक होते, आणि तीन दिवस पोट साफ नसलं की भूक आणखी मरते. असं ते एकातून एक वाढत जातं.

म्हणूनच मातीबद्दल तू जे एका ओळीत लिहून गेलीस ते मला फार महत्त्वाचं वाटलं. सहा-आठ महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं ते वेगळं. पावणेदोन वर्षाचं मूल परत परत शोधून माती खातं, भिंतीचा पोपडा चाटतं, तेव्हा शरीरात लोह कमी आहे का हे बघायलाच हवं. यात लाजायचं किंवा कोणाला दोष द्यायचं काही नाही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, म्हणजे दहातली जवळपास सात मुलं, खात्यापित्या घरातली पण त्यात आली. तेव्हा या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा, दिवसाला लिटरभर दूध पितो आणि माती खातो ही दोन वाक्यं त्यांना स्पष्ट सांग, ते सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजायची तपासणी) आणि बहुतेक फेरिटिन (अंगात लोहाचा साठा किती आहे ते दाखवणारी तपासणी) करायला सांगतील. जंताच्या औषधाबद्दलही तेव्हाच विचार. आणि रिपोर्ट यायच्या आधी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने लोहाचं टॉनिक आणू नकोस, डोस वजनावर ठरतो. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडून या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं सिरप मिळतं, ते चालू असेल तर डॉक्टरांना तेही सांग. डॉक्टरांनी औषध दिलं तर ते दुधाबरोबर द्यायचं नाही, शी काळपट होईल त्याने घाबरायचं नाही. लोह भरून आलं की बऱ्याच मुलांची भूक पण सुधारते, त्यामुळे हे सगळ्यात आधी.

बाटली कशी सोडवायची ते सांगते. रात्रीची झोपेतली पहिली बंद करायची, कारण दात किडतात ते तिच्यामुळे, साखरेचं दूध रात्रभर दातांवर राहतं. एका झटक्यात बंद केलंस तर घर डोक्यावर घेईल, म्हणून साखर आधी चार-पाच दिवसांत शून्यावर आण, मग रात्रीच्या बाटलीत दूध कमी कमी आणि पाणी जास्त करत जा, दहा-बारा दिवसांत नुसतं पाणी उरेल आणि नुसत्या पाण्यासाठी उठायचा त्याला बहुतेक स्वतःलाच कंटाळा येईल. दिवसाचं दूध पेल्यात, दोनदाच, साधारण 200 मिली सकाळी आणि 200 संध्याकाळी, तेही खाण्याच्या आधी नाही, खाऊन झाल्यावर. सांडेल, सांडू दे. पहिले तीन-चार दिवस तो दूधही कमी पिईल आणि जेवणारही नाही, आणि हेच दिवस तुमच्या घराला जड जातील, कोणीतरी म्हणेल द्या बाई ती बाटली उपाशी आहे पोर. त्या दिवसांत लघवी नेहमीसारखी होतेय ना, खेळतोय ना, एवढं बघ. खेळत असेल तर थांब, भूक येते.

आता जेवणाचं. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्याबद्दल एक साधी वाटणी सांगितलीय, ती मला इतकी पटते की मी प्रत्येक आईला सांगते: काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने ठरवायचं. बस्स. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. काय खायचं ते मूल ठरवतं (बिस्किट), कधी ते मूल ठरवतं (दिवसभर), कुठे ते पण मूलच (गॅलरीत, जिन्यात, टीव्हीसमोर), आणि किती खायचं ते मात्र आपण ठरवतो, अजून एक घास, शेवटचा घास, हा बाबांचा घास. आपल्या हातातलं सगळं आपण सोडून दिलेलं असतं आणि जे त्याच्या पोटालाच कळू शकतं त्यावरून रोज भांडतो.

किती खायचं ते त्याच्यावर सोडायचं म्हटलं की आयांच्या पोटात गोळा येतो, मला माहितीये. पण 1991 मध्ये लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2 ते 5 वर्षांच्या 15 मुलांचं खाणं मोजून बघितलं होतं, त्यात एका जेवणात मूल भरपूर खातं आणि पुढच्यात जवळपास काहीच नाही असं सर्रास दिसलं, पण दिवसभराची एकूण बेरीज केली तर ती फारशी हलत नव्हती. म्हणजे दुपारी दोन घास खाऊन उठला तर त्याचं शरीर ते कुठेतरी भरून काढतं, फक्त मधल्या वेळात बिस्किटाने भरून काढायची सोय आपण ठेवायची नाही. म्हणून एका जेवणाचा हिशोब करू नकोस, आठवड्याचा कर.

मग दिवस असा लाव: सकाळी उठल्यावर तासाभरात नाश्ता, मध्ये एक छोटं खाणं, दुपारचं जेवण, झोपून उठल्यावर परत छोटं खाणं, आणि रात्रीचं जेवण तू घरी आल्यावर तुमच्या सगळ्यांबरोबर. दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास, आणि त्या मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही, एक बिस्किट पण नाही, द्राक्षाचा एक मणी पण नाही. हे मधलं कुरतडणं बंद झालं तर निम्मं काम होतं असं मी तुला खात्रीने सांगते. जेवायला वीस-पंचवीस मिनिटं, मग ताट उचलायचं, न रागावता, न बोलता, चेहरा पाडायचा नाही आणि ‘बघ हं आता रात्रीपर्यंत काही मिळणार नाही’ असली धमकी पण नाही. आणि ताटात वाढायचं थोडं, आपल्या मोठ्या माणसाच्या वाढीच्या पाव भाग, चतकोर चपाती, दोन चमचे उसळ, दोन-तीन चमचे भात. समोर डोंगर दिसला की मूल आधीच नाही म्हणतं. संपलं तर मागेल, आणि त्याने स्वतःहून मागितलं की तुला काय वाटेल ते तूच बघ.

ताटात रोज एक तरी गोष्ट त्याच्या ओळखीची, आवडीची ठेव, दहीभात असो की बटाट्याची फोड, आणि बाजूला नवीन काहीतरी अगदी चमचाभर. नवीन चवीला नाही म्हणणं हे या वयाचंच असतं, दोन वर्षांपासून पुढे काही वर्षं ते वाढलेलंच राहतं, आणि एखादी भाजी मुलाने तोंडात घालायला कधी कधी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तीनदा देतो आणि मग ‘त्याला भोपळा आवडत नाही’ असं जाहीर करून टाकतो, तेही त्याच्यासमोर. हात लावला, वास घेतला, चाटून थुंकलं, हे सगळं मोजायचं. आणि भाजी खाल्ली तर चॉकलेट देईन हे अजिबात नको, त्यातून त्याला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट बक्षीस.

वेगळं लहान मुलांचं जेवण शिजवू नकोस, त्याला तुमचंच द्यायचं, फक्त तिखट घालायच्या आधी थोडं बाजूला काढून, मीठ कमी. आणि 22 महिन्यांच्या मुलाला मिक्सरमधलं पातळ नको आता, चावायला शिकायचं वय आहे, हाताने कुस्करून पुरे. तुमचं गाव कणकवली म्हणजे घरात घावणे, आंबोळी, कुळथाची पिठी, पेज, मासे हे सगळं असणारच, याहून चांगलं काय पाहिजे! नाचणीची पेज किंवा भाकरी दे, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध कमी केलं तर हाडांचं काय ही काळजी त्याने मिटेल. लोहासाठी मूग, मसूर, मटकी, चवळी, हिरवा माठ, बाजरी, तीळ, अंडं, आणि मटण किंवा मासे खात असाल तर फारच छान, कारण मांसमाशातलं लोह अंगाला जास्त लागतं. डाळी-भाज्यांमधलं लोह कमी लागतं पण त्याच जेवणात लिंबू पिळलं, टोमॅटो किंवा पेरू असला तर ते जास्त लागतं, म्हणून वरणावर लिंबू रोज पिळायचं. बांगडा, पेडवे देताना काटे स्वतःच्या बोटांनी चाचपून काढ, नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. बीट आणि डाळिंबाने रक्त वाढतं असं घरोघरी म्हणतात, ती चांगलीच आहेत पण लोह त्यात थोडंच असतं, त्यांच्या भरवशावर राहू नकोस. गूळही शेवटी साखरच, लोहाच्या नावाखाली वाटीभर नको. तूप, तेल मात्र कमी करायचं नाही, चमचाभर तूप वरणभातावर हवंच, या वयात स्निग्ध पदार्थ लागतात. बद्धकोष्ठतेला पपई, पेरू (बिया काढून), भिजवलेल्या मनुका कुस्करून, सालीची मूगडाळ, आणि दूध कमी झालं की तेवढ्यानेच बराच फरक पडेल. पडला नाही तर डॉक्टरांना सांग, शी करताना दुखलं की मुलं ती दाबून धरतात आणि मग फार त्रास होतो.

आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खी द्राक्षं हे नाही द्यायचं, चार-पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतं. दाण्याचं कूट चालेल, द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. खाताना पळायचं नाही, झोपून खायचं नाही, रडत असताना घास भरवायचा नाही, यात मी कुठलीच सूट देणार नाही.

मोबाईल. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघंही सांगतात की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच (लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो). जेवताना तर नाहीच नाही, कारण कार्टून बघताना तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो, पण चव काय होती, पोट भरलं का, काहीच त्याला कळत नाही, आणि हे कळणंच तर शिकवायचंय. मला बऱ्याच जणी विचारतात की मग आम्हाला चिऊचा घास काऊचा घास करत भरवलं ते पण लक्ष उडवणंच ना. मला तसं वाटत नाही. त्यात मूल आईच्या तोंडाकडे बघत असतं, बोलणं ऐकतं, हसतं, आणि मान फिरवली तर आईला लगेच दिसतं. फक्त मान फिरवल्यावर काऊ पण उडून गेला पाहिजे. मोबाईल बंद करायचा तर घरातल्या सगळ्यांचा जेवताना बंद, मिस्टरांचा पण, आणि टीव्ही पण. त्याच्या हातात चमचा किंवा नुसता हात, खाली जुनी चादर, माखू दे. स्वतःच्या हाताने खाताना अर्धं अंगावर जाईल, पण जे अर्धं पोटात जाईल ते त्याने खाल्लेलं असेल.

सासूबाईंशी बोलणं हा खरा कठीण भाग आहे आणि त्यावर तू पत्रात फार लिहिलं नाहीस, पण मला जाणवलं. दिवसाचे अकरा-बारा तास त्या त्याला सांभाळतात, तेव्हा त्यांना घेतल्याशिवाय यातलं काही होणार नाही. त्यांची भीती खोटी नाहीये गं. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांतली 129 बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत जायची, त्या ज्या बायकांमध्ये वाढल्या त्यांनी बारीक पोर आजारात टिकत नाही हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून गुटगुटीत दिसलं की त्यांना धीर येतो. तेव्हा ‘आई तुम्ही बिस्किटं देता म्हणून तो जेवत नाही’ असं नको म्हणूस. त्यांना डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, दुधाचं आणि रक्ताचं त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. आणि मग मधल्या वेळचं खाणं पूर्ण त्यांच्या हाती दे, आई तुम्ही त्याला घावणे, नाचणीची पेज, उकडलेलं रताळं, मऊ थालीपीठ असं द्याल का, तुमच्या हातचं तो खाईल. त्यांना करायला काहीतरी हवंय, नुसतं ‘देऊ नका’ सांगितलं तर माणूस गुपचूप देतो. बिस्किटांचे पुडे घरात आणणंच बंद करा, डब्यात नसलं की कोणालाच नाही म्हणावं लागत नाही. पुड्यावर घटकांची यादी असते ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, एकदा वाचून बघ, पहिली तीन नावं बहुतेक मैदा, साखर आणि पामतेल अशीच निघतील.

पावडरचंही तेच, डब्यावरची यादी मिस्टरांनाच वाचायला सांग, साखर कितव्या नंबरला आहे ते. आपल्या अन्न कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी काही व्याख्याच नाही, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाईन विकणाऱ्यांना अशी पेयं त्या नावाच्या यादीतून काढायला सांगितलं होतं. तुझ्या मुलाचं वजन कमी नाही, त्याला वजन वाढवायची पावडर लागतच नाही, वर ती दुधातून द्यायची म्हणजे परत दूधच वाढणार. त्यांनी काळजीनेच आणलीय, तर त्यांना सांग की ते पैसे दर आठवड्याला फळं आणि अंडी आणायला वापरा, आणि रविवारी बाजारात मुलाला खांद्यावर घेऊन जा, त्याला भाज्या हाताळू दे, एक वांगं त्याच्या हातात द्या घरी येईपर्यंत.

हे सगळं करूनही वजन खाली आलं किंवा दोन-तीन महिने वाढलंच नाही, गिळताना ठसका लागतो, कुठलाही घट्ट घास तोंडात गेला की उलटी होते, मोजून चार-पाचच पदार्थ खातो आणि त्यातलेही एकेक सोडत चाललाय, किंवा खाण्याबरोबर बोलणं, हाक मारली की बघणं यातही मागे वाटतो, तर हे सल्ले बाजूला ठेवून परत डॉक्टरांकडे जायचं, वाट बघायची नाही.

आणि गणपतीला गावी नक्की जा. चार पोरं पंगतीत बसून जेवताना बघून लहान मूल जेवढं शिकतं तेवढं आपण दोघींनी महिनाभर सांगून शिकत नाही. त्याला मोठ्यांच्या पंगतीत पान वाढ, उकडीचा मोदक जेवणाबरोबर एखादा खाल्ला तर खाऊ दे, सणाच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडात गोड असताना त्याचंच ताट वेगळं करू नकोस. फक्त दोन जेवणांच्या मध्ये येणारा जाणारा हातावर पेढा ठेवेल तो डब्यात ठेवून जेवताना द्यायचा, आणि वाळलाय म्हणणाऱ्या काकूंना सांगायचं की डॉक्टरांनी वजन बघितलंय, बरोबर आहे, आणि विषय बदलायचा, लांबलचक खुलासा करत बसू नकोस. दुधाची बाटली सोबत नेऊ नकोस, पेला ने. लोहाचं औषध चालू झालं असेल तर ते मात्र आठवणीने बॅगेत टाक आणि गावी पोचल्यावर उंच फळीवर ठेव, घरभर लहान मुलं असतात आणि ते औषध गोड लागतं, एखाद्या पोराने अख्खी बाटली तोंडाला लावली तर जिवावर बेतू शकतं.